ड्राय की ग्रेव्ही? चायनीजच्या गाडीवरचं बुडालेलं साम्राज्य

घाटकोपरची खाऊगल्ली असो, मुलुंड स्टेशनबाहेरचा कोपरा असो, अंधेरीचा नाका की बोरिवलीचा रिक्षा स्टँड, लाल अक्षरांची आणि ड्रॅगनच्या चित्राची ती गाडी असतेच. कढईखाली भसाभसा जाळ, हवेत लसणाचा ठसका आणि प्लास्टिकच्या फळीवर चिकटवलेलं मेन्यूकार्ड. गेली कित्येक वर्षं आपण ते कार्ड वाचतो आहोत, पण फक्त उजवीकडचा भाव बघायला. एकदा डावीकडची नावं नीट वाचून बघा. मांचुरियन, हाँगकाँग, हक्का, शेजवान... चीनच्या शेवटच्या राजघराण्याची अख्खी कुंडली तिथे मांडलेली आहे. त्या घराण्याचं नाव चिंग. सॉसची बाटली नव्हे. १६४४ ते १९१२ अशी तब्बल २६८ वर्षं चीनवर राज्य केलेलं घराणं. आणि त्याच्या पडझडीत आपल्या मुंबईचा हात इतका खोल बुडालेला आहे की आज मरोळला किंवा असल्फ्याला राहणाऱ्या माणसानेही जरा दचकावं.

चला, ऑर्डर देऊया.

१. व्हेज मांचुरियन: शेंडी तुटो की पारंबी

आधी एक धक्का. मांचुरियामध्ये मांचुरियन मिळत नाही. हा पदार्थ मुंबईचा. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास इथल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात तो पहिल्यांदा केला, असं सांगितलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपली फोडणी, त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि वर कॉर्नफ्लोअरचा दाटपणा. तेव्हा चिकन होतं. मग फ्लॉवर आला, मग कोबीचे गोळे आले, आणि मग जैन मांचुरियनही आलं.

नाव मात्र अस्सल. मांचू हे चीनच्या ईशान्येकडचे घोडेस्वार लोक. १६४४ मध्ये त्यांनी बीजिंग घेतलं तेव्हा शिवाजीराजे चौदा वर्षांचे होते. मूठभर मांचू आणि कोट्यवधी हान चिनी, मग कोण आपला आणि कोण परका हे ओळखायचं कसं? उपाय न्हाव्याकडे सापडला. १६४५ मध्ये फर्मान निघालं: प्रत्येक पुरुषाने डोक्याचा पुढचा भाग भादरायचा आणि मागे लांब वेणी ठेवायची. केस राखाल तर डोकं जाईल, डोकं राखायचं तर केस जातील. हजारो लोकांनी केस राखले आणि डोकी गमावली. पुढे अडीचशे वर्षं चीनमध्ये वेणी कापणं म्हणजे उघड बंड. आपल्याकडे ‘शेंडी तुटो की पारंबी तुटो’ ही नुसती म्हण आहे, तिकडे तो फौजदारी कायदा होता.

२. चिली प्रॉन्स: समुद्रावरची बाई

कोळंबी समुद्रातली, म्हणून ही गोष्टही समुद्रातलीच. १८०७ मध्ये दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरचा झेंग यी नावाचा चाच्यांचा सरदार मेला. त्याच्या बायकोने कारभार हाती घेतला. इतिहास तिला झेंग यी साओ म्हणजे ‘झेंग यीची बायको’ एवढ्याच नावाने ओळखतो, पण तिच्या हाताखाली शेकडो जहाजं आणि हजारो माणसं होती.

तिची युक्ती कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. सरसकट लूट करत बसण्यापेक्षा ती व्यापाऱ्यांना पैसे घेऊन परवाने द्यायची. परवाना दाखवा, सुखरूप जा. कान्होजी आंग्र्यांची दस्तकं याच जातकुळीतली. चिंग आरमाराला ती आवरेना. शेवटी १८१० मध्ये ती स्वतः वाटाघाटीला गेली, कमावलेलं बरंचसं पदरात राखून शरण आली आणि पुढे जुगाराचा अड्डा चालवून १८४४ मध्ये म्हातारपणी आपल्या अंथरुणात मेली. चाचेगिरीच्या धंद्यात निवृत्तीवेतनासह सुटलेली माणसं फार थोडी.

३. हाँगकाँग चिकन: करार चीनचा, सागवान आपलं

ही डिश जरा सावकाश खा. हिच्यात मुंबईचा मसाला सगळ्यात जास्त आहे.

विलायतेला चहाचं वेड लागलं होतं आणि चहा मिळायचा चीनमध्ये. चिनी लोकांना विलायती मालात फारसा रस नव्हता, त्यांना चांदी हवी होती. चांदी संपत आली तेव्हा इंग्रजांनी चीनला दुसरं व्यसन लावलं: अफू. एक अफू बंगाल-बिहारकडची, कंपनीच्या मक्तेदारीतली. दुसरी माळव्याची, म्हणजे बरीचशी शिंदे-होळकरांच्या मुलखातली. ग्वाल्हेर-इंदूरच्या शेतांत बोंडांना चिरा पडायच्या, चिकाच्या वड्या व्हायच्या आणि बैलांच्या पाठीवरून माल पश्चिम किनाऱ्याकडे निघायचा. कंपनीने तो अडवून पाहिला, पण व्यापारी तो दमणमार्गे पोर्तुगीजांच्या हद्दीतून पळवू लागले. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने नाद सोडला, पैसे घेऊन परवाने द्यायला सुरुवात केली आणि मुंबई बंदर अफूच्या पेट्यांनी भरून वाहू लागलं.

तिकडे सम्राटाने १८३९ मध्ये कॅन्टनला एक अधिकारी पाठवला. लिन झेशू. वजन पडत नाही, पाकीट चालत नाही, ओळख लागत नाही, असा हा माणूस. त्याने परदेशी व्यापाऱ्यांना त्यांच्या वखारींत कोंडलं आणि वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त केली. ती नष्ट कशी करायची? जाळली तर उरलेली लोक खरवडून नेतील. मग हुमेन इथे मोठे चर खणले, त्यात पाणी, मीठ आणि चुना घातला, अफू कालवली आणि ओहोटीबरोबर समुद्रात सोडून दिली. तीन आठवड्यांहून अधिक काळ हे काम चाललं. त्याआधी लिनने सागरदेवाची प्रार्थना करून माफी मागितली आणि जलचरांना काही दिवस लांब जायला सांगा अशी विनंती केली. राणी व्हिक्टोरियालाही त्याने पत्र लिहिलं. आशय असा: तुमच्या देशात जे विष चालत नाही ते आमच्या देशात का विकता? ते पत्र राणीच्या हाती कधी पडलंच नाही, असं मानतात.

उत्तर म्हणून तोफा आल्या. चीन हरला. लिनला पार पश्चिमेला इलीच्या मुलखात हद्दपारी मिळाली. प्रामाणिक अधिकाऱ्याची बदली ही काही आपलीच मक्तेदारी नाही.

२९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा करार झाला. हाँगकाँग इंग्रजांना, पाच बंदरं व्यापाराला खुली आणि वर दोन कोटी दहा लाख चांदीचे डॉलर. करारावर सह्या झाल्या त्या एका युद्धनौकेवर. नाव ‘कॉर्नवॉलिस’, तोफा ७४. आणि ती बांधली होती कुठे? आपल्या मुंबईच्या गोदीत, १८१३ मध्ये, सागवानी लाकडातून, जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली. ते सागवान इतकं कणखर की हे जहाज पुढे विलायतेत धक्का म्हणून वापरलं गेलं आणि तोडलं थेट १९५७ मध्ये. आपल्याकडच्या सोसायट्यांना तितक्या वर्षांत चारदा पुनर्विकास लागला असता.

आता उपनगरवाल्यांनी कान टवकारा. याच जमशेटजींचे भाऊ होर्मसजी बमनजी वाडिया. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारला शहरातली, अपोलो दरवाजाजवळची त्यांची जागा हवी होती. बदल्यात साष्टीतली गावं देण्यात आली: कुर्ला, मोहिली, कोलेकल्याण, मरोळ, सहार, असल्फे वगैरे. म्हणजे आज ज्या सहारला विमानं उतरतात आणि ज्या असल्फ्याच्या टेकडीवरची रंगीत घरं मेट्रोतून दिसतात, ती गावं फोर्टातल्या एका तुकड्याच्या अदलाबदलीत गेली होती. तेव्हा सौदा तोट्याचा वाटला असेल. आजचा चौरस फुटाचा भाव होर्मसजींना कळला तर ते हसतील की रडतील, सांगता येत नाही.

सोबत मोफत: माहीमचा पूल

जमशेटजी जीजीभाई. जन्म १७८३, सुरुवातीला रिकाम्या बाटल्यांचा धंदा, म्हणून टोपणनाव बाटलीवाला. चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ मध्ये ते प्रवास करत असलेलं ‘ब्रन्सविक’ जहाज फ्रेंचांनी पकडलं. सगळा माल गेला, पण त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता. दोघांची गट्टी जमली. पुढे जार्डिन चीनच्या किनाऱ्यावरचा अफूचा बडा व्यापारी झाला आणि त्याचे मुंबईतले मोठे भागीदार म्हणजे आपले जीजीभाई. त्यांच्याबरोबर धंद्यात जैन शेठ मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान महंमद अली रोगे. मुंबईची सर्वधर्मसमभावाची एक शाखा अफूच्या गोदामातूनही जायची.

१८४२ मध्ये नानकिंगचा करार झाला आणि त्याच वर्षी जीजीभाई ‘सर’ झाले. हा किताब मिळालेले ते पहिले भारतीय. पैसा त्यांनी दाबून ठेवला नाही. रुग्णालय, कलाशाळा, विहिरी, धर्मशाळा, दानाची यादी लांब आहे. उपनगरांसाठी मात्र खरी देणगी त्यांच्या पत्नी आवाबाईंची. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये तेव्हा खाडी होती, तर होती आणि बुडणारी माणसं होती. पूल बांधायला सरकार हात आखडता घेत होतं. आवाबाईंनी एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले, पण अट घातली: पुलावर टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये माहीमचा बांध खुला झाला. पुढच्या रस्त्याला आजही लेडी जमशेटजींचं नाव आहे.

म्हणजे बघा, कॅन्टनच्या नळीतून निघालेला धूर माहीमच्या दगडांत येऊन बसला. अंधेरी-बोरिवलीहून मोटारीने शहरात जाणारे आपण पावणेदोनशे वर्षं त्याच्यावरून फुकट जा-ये करतो आहोत. सिग्नलला अडकल्यावर विचार करायला हा विषय चांगला आहे.

४. हक्का नूडल्स: चारदा नापास

हक्का या शब्दाचा अर्थ ‘पाहुणे’. हे लोक उत्तरेकडून दक्षिण चीनमध्ये येऊन वसले आणि शतकं लोटली तरी ‘बाहेरचे’च राहिले. मुंबईत ही गोष्ट फोड करून सांगायला नको. त्यांच्या बायका शेतात राबायच्या, म्हणून त्या पाय बांधत नसत. पुढे यांच्यातले बरेच लोक कोलकात्यात येऊन चामड्याच्या धंद्यात स्थिरावले आणि त्यांच्या शेवया आपल्या ताटात आल्या.

१८१४ मध्ये एका हक्का घरात होंग श्यूछुआन जन्मला. हुशार पोरगा, गावाने आशा लावलेली. सरकारी परीक्षा पास झाला की घराणं तरेल. परीक्षा कशी, तर आपल्या स्पर्धा परीक्षेसारखी: जागा मूठभर, बसणारे हजारो, पाठांतर वर्षानुवर्षांचं. होंग नापास झाला. पुन्हा बसला, पुन्हा नापास. तिसऱ्या वेळी, १८३७ मध्ये, तापाने फणफणला आणि त्याला दृष्टांत झाले. चौथ्यांदाही नापास झाल्यावर त्याने जवळचं एक ख्रिस्ती पुस्तक नीट वाचलं आणि दृष्टांतांचा अर्थ लावला: आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत.

हसू येतं, पण पुढचं हसण्यासारखं नाही. १८५१ मध्ये त्याने ‘ताइपिंग’ म्हणजे महाशांतीचं स्वर्गीय राज्य जाहीर केलं. अफू बंद, पाय बांधणं बंद, जमीन सगळ्यांची. त्याच्या लोकांनी मांचूंची वेणी सोडून डोक्यावर केस वाढवले. चौदा वर्षं युद्ध चाललं. १८६४ मध्ये होंग मेला, पाठोपाठ त्याची राजधानी पडली. तोवर अंदाजे दोन ते तीन कोटी माणसं युद्धाने, उपासमारीने आणि रोगराईने संपली होती. महाशांती इतकी महाग क्वचितच पडली असेल.

आता तारखांची गंमत. ताइपिंगांनी नानकिंग शहर जिंकलं १९ मार्च १८५३ ला. त्यानंतर बरोबर २८ दिवसांनी, १६ एप्रिलला, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे. घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या शेतांतली माणसं तोंडात बोट घालून बघत राहिली. पुढे १८५९ मध्ये होंगच्या चुलतभावाने, होंग रेनगानने, स्वर्गीय राज्याला सल्ला दिला: आपणही आगगाड्या, टपाल, बँका, वर्तमानपत्रं सुरू करू. लढाईच्या गोंधळात ऐकणार कोण?

चिंग सरकारचा उत्साह तर याहून थोर. १८७६ मध्ये शांघायजवळ परदेशी कंपनीने छोटी रेल्वे सुरू केली. सरकारने ती रीतसर विकत घेतली आणि पुढच्या वर्षी रूळ उखडून टाकले. गाडी उशिरा आली म्हणून आपण रुळांवर उतरतो. तिकडे गाडी आली म्हणूनच रूळ उचलले. रेल्वेचं नाव लक्षात ठेवा, बिल येण्याआधी ती परत येणार आहे.

५. चिकन ड्रॅगन: पडद्यामागची बाई

पाच नख्यांचा ड्रॅगन हे फक्त सम्राटाचं चिन्ह. फिनिक्स पक्षी हे सम्राज्ञीचं. चित्रात ड्रॅगन वर, फिनिक्स खाली, हा शिरस्ता. एकाच थडग्याच्या पायऱ्यांमधल्या शिळेवर हे उलटं कोरलंय: फिनिक्स वर आणि ड्रॅगन खाली. ते थडगं राजमाता त्सशीचं.

ती राजवाड्यात आली एक दुय्यम उपस्त्री म्हणून. सम्राटाला मुलगा झाला तो तिच्या पोटी. १८६१ मध्ये सम्राट वारला, मुलगा पाच वर्षांचा. तिने दुसऱ्या राणीशी संगनमत करून दरबारातले मानकरी उडवले आणि कारभार हाती घेतला. बाईने मंत्र्यांना तोंड दाखवायचं नाही, म्हणून बालसम्राट पुढे सिंहासनावर आणि त्सशी मागे पडद्याआड. ‘पडद्याआडून सूत्रं हलवणं’ हे तिच्या बाबतीत अलंकारिक बोलणं नव्हतं, बैठकव्यवस्था होती. तिची सत्ता जवळजवळ ४७ वर्षं टिकली.

तिची नाव प्रसिद्ध आहे. आरमारासाठीचा पैसा उन्हाळी महालाच्या डागडुजीकडे वळला आणि तिथल्या तलावात १८९३ मध्ये संगमरवरी नाव नव्याने सजली. खाली दगड आणि वरचा मजला मात्र लाकडाचा, संगमरवरासारखा रंगवलेला. दोन वर्षांत खरं आरमार जपानने बुडवलं, ही दगडी नाव मात्र आजही तरंगायचा आव आणून उभी आहे.

१८९८ मध्ये तिचा भाचा, सम्राट ग्वांगशू, सुधारणांचा धडाका लावू लागला. शाळा बदला, परीक्षा बदला, लष्कर बदला. एकशेतीन दिवसांत बाईंनी त्याला महालात कोंडलं. १४ नोव्हेंबर १९०८ ला तो वारला आणि दुसऱ्याच दिवशी ती. शंभर वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच्या केसांची तपासणी झाली आणि त्यात भरमसाट आर्सेनिक सापडलं. कुणी दिलं याचं उत्तर केसांत नसतं.

६. अमेरिकन चॉप्सी: गालातली गोळी

वर कुरकुरीत शेवया, खाली गोडसर लाल रस्सा, डोक्यावर अंडं. नाव अमेरिकन, जात चायनीज, चव अंधेरी पूर्व. मूळ कॅन्टनी शब्दाचा अर्थ ‘बारीकसारीक तुकड्यांची मिसळ’. म्हणजे आपली मिसळच म्हणा ना.

दंतकथा अशी की १८९६ मध्ये चिंग दरबारचे बडे मुत्सद्दी ली होंगझांग न्यूयॉर्कला गेले, तेव्हा त्यांच्या आचाऱ्याने यजमानांसाठी घाईघाईत ही मिसळ केली. ली गेले होते हे खरं, आचाऱ्याची गोष्ट मात्र हॉटेलवाल्यांची. त्यांच्या भेटीने चिनी खाण्याची हवा झाली आणि धंदा वाढला, एवढं निश्चित.

खरी गोष्ट याहून थरारक आहे. १८९५ मध्ये जपानशी हरल्यावर तहाची बोलणी करायला ली शिमोनोसेकीला गेले. तिथे एका माथेफिरू जपान्याने त्यांच्या चेहऱ्यावर गोळी झाडली. ली वाचले, गोळी आत राहिली. पाहुण्यावर हल्ला झाला म्हणून जपानची जगभर नाचक्की झाली आणि त्यांनी युद्धबंदी मान्य केली. वाटाघाटींनी जे जमेना ते लींच्या गालाने साधलं.

७. पार्सल: हाँगकाँगहून आलेली साथ

हे पार्सल कुणी मागवलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात चीनच्या नैऋत्येला युनान प्रांतात प्लेग धुमसत होता. १८५६ ते १८७३ या काळातल्या तिथल्या मुस्लिम बंडात फौजा आणि निर्वासित इकडेतिकडे झाले आणि साथीला पाय फुटले, असं इतिहासकार मांडतात. १८९४ मध्ये ती हाँगकाँगला पोहोचली. तिथून जहाजांतल्या उंदरांबरोबर, बहुतेकांच्या मते, ती मुंबईत उतरली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. जानेवारी १८९७ मध्ये शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईतच लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली.

लाखो लोकांनी शहर सोडलं. मोकळी हवा हवी म्हणून साष्टीकडे डोळे वळले. वांद्रे, अंधेरी, कुर्ला, घाटकोपरकडे वस्ती सरकू लागली. वांद्रे-अंधेरीच्या जुन्या गावठाणांत रस्त्याच्या कडेला दिसणारे कितीतरी क्रूस प्लेगच्या दिवसांतलेच आहेत. तिकडे पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या जाचातून रँड या इंग्रज अधिकाऱ्याचा गणेशखिंडीच्या रस्त्यावर खून झाला आणि चाफेकर बंधू फासावर गेले. युनानच्या डोंगरातून निघालेली एक साथ आणि तिच्या वाटेवर गणेशखिंडही आहे, वांद्र्याचा क्रूसही आणि आपला टू बीएचकेही.

८. ट्रिपल शेजवान: रेल्वेने बुडवलेलं राज्य

शेजवान म्हणजे सिचुआन. तिथल्या स्वयंपाकात जीभ बधिर करणारी एक मिरी असते. कोकणी माणूस म्हणेल, अरे, हे तर तिरफळ! बरोबर, दोन्ही एकाच कुळातली. आपण बांगड्याच्या कालवणात घालतो, ते सिचुआनमध्ये सगळ्यातच घालतात. गाडीवरच्या शेजवान चटणीत मात्र ही मिरीही नसते आणि तिरफळही. लाल मिरची, लसूण आणि गाडीवाल्याचा आत्मविश्वास.

आता रेल्वे. सिचुआनमध्ये लोकांनी स्वतःची रेल्वे बांधायचं ठरवलं होतं. शेतकऱ्यांकडून सक्तीने वर्गणी घेऊन भागभांडवल जमवलेलं. मे १९११ मध्ये चिंग सरकारने तो प्रकल्पच ताब्यात घेतला, परदेशी बँकांचं कर्ज काढण्यासाठी. लोक खवळले. चेंगडू शहरात बंद पाळला. आंदोलकांची अक्कल बघा: रस्त्यारस्त्यांवर त्यांनी मेलेल्या सम्राट ग्वांगशूच्या नावाचे देव्हारे मांडले. आता सरकारी अधिकाऱ्यांच्या पालख्या जाणार कशा? सम्राटाच्या पाटीपुढे उतरावं लागे आणि हलवली तर राजद्रोह.

७ सप्टेंबरला गोळीबार झाला. शहराच्या वेशी बंद, तारा तोडलेल्या. मग लोकांनी लाकडी फळ्यांवर निरोप कोरले, तेल चोपडलं आणि शेकडो फळ्या नदीत सोडल्या. खालच्या गावांनी त्या उचलल्या आणि उठाव पसरला. ही ‘पाण्यावरची तार’ व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा हळू होती, पण ब्लॉक करता येत नव्हती.

सिचुआन शांत करायला शेजारच्या प्रांतातलं सैन्य पाठवलं. त्यामुळे त्या प्रांतातल्या वुचांग शहराची छावणी रिकामी झाली. ९ ऑक्टोबरला तिथल्या क्रांतिकारकांच्या हातून चुकून बाँब फुटला, पोलिसांना नावांच्या याद्या मिळाल्या. आता नाही तर कधीच नाही म्हणून १० ऑक्टोबर १९११ च्या रात्री शिपाई उठले. पुढारी हवा म्हणून त्यांनी ली युआनहोंग नावाच्या एका अधिकाऱ्याला धरून आणलं. तो म्हणे पलंगाखाली लपला होता. क्रांतीचे खरे प्रणेते सुन यत्-सेन तेव्हा अमेरिकेत डेन्व्हरला होते. क्रांती झाल्याची बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली.

१२ फेब्रुवारी १९१२ रोजी सहा वर्षांचा सम्राट पुयी याच्या नावाने राजत्याग जाहीर झाला. सिंहासनावर बसवलं तेव्हा तो तीन वर्षांचाही नव्हता आणि भोकाड पसरून रडत होता. वडिलांनी समजूत काढली होती की आता लवकरच संपेल. दरबाऱ्यांना तो अपशकुन वाटला. ते बरोबर होते. हाच पुयी म्हातारपणी बीजिंगच्या वनस्पती उद्यानात माळीकाम करत होता.

तोंडी लावायला

• फालुद्यातलं आणि पुडिंगमधलं चायना ग्रास, दालचिनी, चिनीमाती, चहा: आपल्या फडताळात चीन आधीपासूनच आहे. दालचिनी हे नाव फारसी. अर्थ ‘चिनी लाकूड’.

• महाबळेश्वरचा चायनामन धबधबा माहीत आहे? एकोणिसाव्या शतकात पूर्वेकडच्या वसाहतींतून चिनी आणि मलायी कैदी तिथल्या तुरुंगात आणत. त्यांनी तिथे बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या. तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला, नाव धबधब्याला चिकटून राहिलं.

• माझगावात १९१९ च्या सुमाराचं चिनी देऊळ आहे. वरच्या मजल्यावर देव क्वान कुंग, पराक्रमी आणि वचनाचा पक्का. गोदीत उतरणाऱ्या कॅन्टनी खलाशांचा हा आधार.

• जमशेटजी टाटा १८५९ मध्ये, विशीत, धंदा शिकायला गेले ते हाँगकाँगला.

बिल

एक तारीख राहिली. १० ऑक्टोबर. वुचांगच्या उठावाच्या बरोबर एक वर्ष आधी, १० ऑक्टोबर १९१० रोजी, सोलापुरात एक मुलगा जन्मला. चीनचं साम्राज्य कोसळायला लागलं त्या दिवशी त्याचा पहिला वाढदिवस होता. त्याचं नाव द्वारकानाथ कोटणीस. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात तो डॉक्टर झाला आणि १९३८ मध्ये, जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला, नागपूरच्या डॉ. चोळकरांसह चार सहकाऱ्यांबरोबर मुंबई बंदरातून निघाला. १९४२ मध्ये तो तिथेच, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेला. ज्या बंदरातून शंभर वर्षांपूर्वी अफूच्या पेट्या निघत, त्याच बंदरातून हा औषधाच्या पेट्या घेऊन निघाला होता.

हे सगळं मी कढईसमोर उभा राहून गाडीवाल्याला सांगत होतो. तो मूळचा नेपाळचा, गेली बारा वर्षं घाटकोपरकर. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, कढई एकदा हवेत उडवली आणि विचारलं, “काका, मागे सात जण उभे आहेत. ड्राय की ग्रेव्ही?”